पारपटलावरील मेदाचे सावट

(भाषणाचा मजकूर)



साठी ओलांडलेल्या एखाद्या गृहस्थाच्या डोळ्याकडे भर उजेडात निरखून पाहिले, तर काळ्या बुबुळाच्या कडेने एक करडी-पांढरी रेघ पुष्कळदा आढळते. ती पाहून घरातील माणसे चिंतेत पडतात. कोणी म्हणते मोतीबिंदू झाला, कोणी म्हणते डोळ्यात फूल पडले. प्रत्यक्षात त्या रेघेमुळे त्या गृहस्थाच्या दृष्टीला काहीच बाधा आलेली नसते.

याउलट, मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ गेलेल्या एखाद्या तरुणाचे उदाहरण घ्यावे. डोळा पंधरा दिवस लाल राहतो, मग ठणका थांबतो आणि सर्वांना हायसे वाटते. पुढे कित्येक महिन्यांनी त्याच्या बुबुळावर एक पिवळट-पांढरा डाग उमटू लागतो आणि हळूहळू मध्यभागाकडे सरकतो. डोळा दुखत नाही, म्हणून त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. आणि एके दिवशी त्या डोळ्याने समोरचा माणूसही ओळखू येत नाही.

वृद्धाची ती कड आणि तरुणाचा हा डाग, दोन्ही एकाच पदार्थाचे बनलेले असतात. तो पदार्थ म्हणजे मेद, अर्थात रक्तातील स्निग्ध द्रव्ये. एके ठिकाणी मेद निरुपद्रवी ठरतो, तर दुसऱ्या ठिकाणी तो दृष्टी झाकोळून टाकतो. जेथे भीतीचे कारण नाही तेथे चिंता आणि जेथे त्वरा हवी तेथे दिरंगाई, असा उलटा व्यवहार अनेक घरांतून घडतो. तो टाळावयाचा, तर हा विकार काय आहे ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रक्तवाहिन्या नसलेला पडदा

घड्याळावर जशी काच बसविलेली असते, तसा डोळ्याच्या दर्शनी भागी एक घुमटाकार, पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात कॉर्निया हे नाव रूढ आहे. बुबुळाचा जो काळा किंवा तपकिरी रंग दिसतो, तो या पडद्याचा नसून त्याच्यामागील रंगीत पटलाचा असतो. पारपटलाची मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर आणि व्यास सुमारे साडेअकरा मिलिमीटर. परंतु डोळ्यात शिरणारे किरण वळवून ते एकत्र आणण्याच्या कामातील जवळजवळ दोन-तृतीयांश वाटा या इवल्याशा पडद्याचा असतो.

पारपटल इतके नितळ कसे राहते, याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे त्यातील अत्यंत सूक्ष्म तंतूंची रचना विणलेल्या तलम वस्त्राप्रमाणे काटेकोर असते. दुसरे म्हणजे निरोगी पारपटलात एकही रक्तवाहिनी नसते. शरीराच्या बहुतेक भागांना रक्तातून पोषण मिळते. पारपटल मात्र प्राणवायू बाहेरील हवेतून अश्रूंच्या थरामार्फत घेते आणि अन्नद्रव्ये मुख्यत्वे डोळ्यातील पाणीदार द्रवातून मिळविते. रक्तवाहिन्या येऊन थांबतात त्या पारपटलाच्या सीमेवर, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग आणि बुबुळ जेथे मिळतात तेथे. ही सीमा शाबूत आहे तोवर दृष्टी सुरक्षित राहते. मेदाच्या डागाची सारी कहाणी या सीमेशी निगडित आहे.

वार्धक्यातील पांढरी कड

वय वाढू लागले की सीमेवरील रक्तवाहिन्यांतून कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध द्रव्ये थोडथोडी झिरपतात आणि पारपटलाच्या परिघावर साचतात. आरंभी वरच्या आणि खालच्या बाजूस चंद्रकोरीसारख्या दोन रेघा दिसतात. कालांतराने त्यांची टोके जुळून पूर्ण वर्तुळ तयार होते. ऐंशीच्या पुढील बहुतेक माणसांच्या डोळ्यांत ही कड कमीअधिक प्रमाणात असतेच. कड आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या दरम्यान एक बारीक नितळ पट्टी राहते, ही तिची ओळखीची खूण होय.

ही कड मध्यभागाकडे पसरत नाही. पाहण्याचे काम होते ते पारपटलाच्या मध्यातून आणि तो भाग स्वच्छ राहतो. म्हणून या कडेमुळे दिसणे कमी होत नाही आणि तिच्यावर कोणताही उपचार लागत नाही. ती घालविण्यासाठी थेंब किंवा अंजन विकणाऱ्यांच्या नादी लागून पैसा आणि डोळा या दोहोंचे नुकसान करून घेऊ नये. मात्र एखाद्या वृद्धाला अंधुक दिसत असेल, तर दोष कडेला देऊन स्वस्थ बसणेही योग्य नाही. त्या अंधुकपणाचे कारण मोतीबिंदू किंवा काचबिंदू असू शकते आणि त्याची तपासणी झालीच पाहिजे.

तरुणपणीची कड हा इशारा

हीच कड चाळिशीच्या आत दिसू लागली, तर तिचा अर्थ बदलतो. डोळ्याला तेव्हाही अपाय नसतो. परंतु रक्तातील कोलेस्टेरॉल बेसुमार वाढल्याची ती खूण असू शकते. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असते. आईवडिलांपैकी एकाला हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. साधारणपणे अडीचशे ते तीनशे माणसांमागे एकाला हा दोष असावा, असा अंदाज आहे. अशा व्यक्तींना ऐन उमेदीत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो. पापण्यांच्या आतील कोपऱ्याजवळ पिवळसर चट्टे किंवा टाचेमागील जाड कंडरेवर गाठी ही त्याची आणखी लक्षणे होत.

तेव्हा तिशी-पस्तिशीतील कोणाच्या डोळ्यात अशी कड दिसली, तर रक्तातील स्निग्ध द्रव्यांची तपासणी करून घ्यावी आणि कुटुंबातील इतरांचीही करावी. कोलेस्टेरॉल कमी करणारी परिणामकारक औषधे आज उपलब्ध आहेत. कड एकाच डोळ्यात असेल, तर मानेतून मेंदूकडे व डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत काय, हेही डॉक्टर पाहतात. डोळ्याने दिलेल्या इशाऱ्यामुळे हृदय वाचू शकते, ते असे.

दृष्टी झाकणारा डाग

आता तरुणाच्या बुबुळावरील डागाकडे वळू या. पारपटलाला जखम झाली, त्यात जंतूंचा शिरकाव होऊन व्रण पडला, किंवा हर्पीस विषाणूमुळे वारंवार दाह होऊ लागला, की शरीर त्या जागेच्या मदतीला धावते. सीमेवरील रक्तवाहिन्यांना कोंब फुटतात आणि त्या पारपटलात शिरतात. जखम भरून काढण्याच्या दृष्टीने हे उपयोगाचे असले, तरी त्याची किंमत फार मोठी असते. या नव्या वाहिन्यांच्या भिंती कच्च्या असतात. त्यांतून रक्तातील मेद पाझरतो आणि पारपटलाच्या तंतूंमध्ये साठतो. त्यातील कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात. वाहिनीच्या टोकाशी पंख्यासारखा पसरलेला, पिसासारख्या कडांचा, पिवळट-पांढरा डाग दिसू लागतो. तो बाहुलीसमोर आला की दृष्टी मंदावते; उन्हात किंवा समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशात डोळे दिपतात.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. तूप-तेल खाल्ल्यामुळे असा डाग पडतो, असे पुष्कळांना वाटते. बहुसंख्य रुग्णांत रक्तातील मेदाचे प्रमाण सर्वसाधारण असते. दोष आहारात नसून ज्या वाटेने मेद आत आला त्या वाटेत असतो. म्हणून केवळ पथ्य पाळून हा डाग जात नाही.

पारपटलात रक्तवाहिन्या न शिरताही मेद साचण्याचे काही प्रकार आहेत. परंतु ते अत्यंत विरळ आहेत. श्नायडर यांच्या नावाने ओळखला जाणारा आनुवंशिक विकार त्यांपैकीच एक. त्यास कारणीभूत असणारा जनुक २००७ साली निश्चित झाला. रक्तातील कोलेस्टेरॉलवर प्रक्रिया करणाऱ्या एका विकराच्या अभावामुळे पारपटल धूसर झालेले रुग्ण १९६७ साली नॉर्वेत आढळले. त्याच विकाराचा एक सौम्य प्रकार १९७९ साली स्वीडनमधील संशोधकांनी नोंदविला. अशा रुग्णांचे डोळे उकडलेल्या माशाच्या डोळ्यांसारखे दिसतात, म्हणून त्याला ‘मत्स्यनेत्र’ असे नाव पडले. हे विकार टाळणे माणसाच्या हाती नाही. जखम आणि दाह यांतून उद्भवणारा डाग मात्र बहुतांशी टाळता येण्यासारखा आहे.

कुसळापासून अंधत्वापर्यंत

महाराष्ट्रातील शेतीच्या कामात डोळ्याला इजा होण्याचे प्रसंग पावलोपावली येतात. कोकणात भाताची झोडणी, पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणी, मराठवाड्यात ज्वारी-बाजरीची मळणी, विदर्भात तुरीच्या काड्यांची मोडणी. कोठे कुसळ, कोठे पात्याची धार, कोठे काटा. ओरखडा केसाएवढा असतो, पण वनस्पतीच्या कणाबरोबर बुरशी आत जाते आणि व्रण चिघळतो. मुलांच्या बाबतीत तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून चुना डोळ्यात उडण्याचा धोका असतो.

यानंतर काय घडते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. कोणी पदराच्या टोकाने कुसळ काढू पाहते, कोणी जिभेने. कोणी डोळ्यात मध, तूप किंवा एरंडेल घालते. शेवटी औषधाच्या दुकानातून ‘लाली जाण्याचे थेंब’ आणले जातात. त्यांत स्टेरॉइड असले तर लाली खरोखरच कमी होते आणि रुग्णाला बरे वाटते. परंतु आत बुरशी किंवा विषाणू असेल तर त्याला मोकळे रान मिळते. कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली असता डोळ्याला संसर्ग होण्याचा संभव असतो. तेथेही मंत्रतंत्र आणि लेप यांत मोलाचे दिवस जातात.

शेतीवर उपजीविका करणाऱ्या इतर प्रदेशांतील अनुभव या बाबतीत बोलका आहे. तामिळनाडूतील मदुराई जिल्ह्याचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. तेथे दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ११३ जणांच्या पारपटलावर व्रण होत असल्याचे त्यात आढळले. नेपाळमधील भक्तपूर येथे यावर उपाय शोधण्याचा प्रयत्न झाला. गावोगावच्या स्वयंसेवकांना पारपटलावरील ओरखडा ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले. असा ओरखडा दिसताच त्यांनी साधे जंतुनाशक मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस द्यावयाचे, अशी योजना होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अशा ४४२ व्यक्तींपैकी ९६ टक्के व्यक्तींची जखम संसर्गाविना भरून आली. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत ज्यांना मलम मिळाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही.

या अनुभवातून मिळणारा धडा साधा आहे. मलम महागडे नव्हते आणि ते देणारे नेत्रतज्ज्ञही नव्हते. फरक पडला तो वेळेमुळे.

म्हणून डोळ्यात कण गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. चुना किंवा रसायन गेल्यास तर निदान अर्धा तास पाण्याची धार सोडत राहावे आणि लगेच रुग्णालय गाठावे. बोचणी, लाली, पाणी गळणे किंवा उजेड सहन न होणे यांपैकी काहीही राहिल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात जावे. डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज कोणतेही थेंब घालू नयेत आणि दुसऱ्याचे उरलेले थेंब तर मुळीच वापरू नयेत. मळणीच्या किंवा तोडणीच्या वेळी साधा चष्मा डोळ्यावर असला तरी पुष्कळ इजा टळतात. आणि दुखणे थांबले म्हणजे डोळा बरा झाला, असे गृहीत धरू नये. बुबुळाकडे सरकणारी लाल रेघ किंवा पिवळट ठिपका दिसताच नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

उपचाराच्या मर्यादा

डाग पडल्यावर उपचार नाहीत, असे नाही. प्रथम मूळ दाह आटोक्यात आणावा लागतो. विषाणू असल्यास त्यावरील औषधे, आणि आवश्यक तेथे स्टेरॉइडचे थेंब, पण ते नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पारपटलात शिरलेल्या वाहिन्या लेसर किरणांनी किंवा अतिसूक्ष्म सुईने डागून बंद करता येतात. वाहिन्यांची वाढ रोखणारी इंजेक्शनेही अलीकडे वापरली जातात. मेद आणणारी वाट बंद झाली की डाग पसरणे थांबते. काहींच्या बाबतीत तो फिकटही होतो. परंतु सर्वांनाच सारखा गुण येत नाही आणि बंद केलेल्या वाहिन्या पुन्हा उघडू शकतात.

डाग दाट असून मध्यभागी असेल, तर पारपटलाचे रोपण हाच उपाय उरतो. माणसाच्या डोळ्यावरील अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डॉ. एदुआर्द झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोत्स या गावी केली. त्यांचा रुग्ण चुन्यामुळे दोन्ही डोळे गमावलेला मजूर होता. इतर अवयवांच्या मानाने पारपटलाचे रोपण शरीर सहजी स्वीकारते. याचे एक मोठे कारण असे की त्यात रक्तवाहिन्या नसतात आणि परक्या पेशींना विरोध करणारी शरीराची फौज तेथवर सहसा पोहोचत नाही. मेदाचा डाग पडलेल्या डोळ्यात मात्र वाहिन्या अगोदरच शिरलेल्या असतात. ज्या वाटेने मेद आला, त्याच वाटेने ही फौजही येते आणि रोपण नाकारले जाण्याचा धोका वाढतो. सुरुवातीच्या दिरंगाईची किंमत रुग्णाला अशी दोनदा मोजावी लागते.

वृद्धांचे दान

भारतात १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत २०१५ ते २०१९ या काळात देशव्यापी पाहणी करण्यात आली. पन्नाशीपुढील अंधत्वाच्या कारणांत पारपटलाच्या अपारदर्शकतेचा वाटा सुमारे ८ टक्के असून मोतीबिंदूनंतर तिचा क्रम लागतो, असे या पाहणीत दिसून आले. पन्नाशीच्या आतील व्यक्तींत मात्र तेच अंधत्वाचे पहिले कारण ठरले. त्याचे प्रमाण ३७.५ टक्के होते. म्हणजे मोतीबिंदू प्रामुख्याने उतारवयात डोळ्यांवर पडदा ओढतो, तर पारपटलाचा विकार कर्त्या वयातील माणसाला घरी बसवितो.

रोपणासाठी लागणारे पारपटल कारखान्यात तयार होत नाही. ते मृत्यूनंतर केलेल्या नेत्रदानातूनच मिळते. देशातील पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रास येथे स्थापन झाली. नेत्रदानाविषयी जागृती व्हावी म्हणून दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा पंधरवडा देशभर पाळला जातो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात. तोपर्यंत मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोक्याखाली उशी द्यावी. नेत्रपेढीचे पथक घरी येते, हे काम अर्ध्या तासाच्या आत आटोपते आणि चेहरा विद्रूप होत नाही. प्रतिज्ञापत्र भरलेले नसले, तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने नेत्रदान करता येते.

आणि येथे त्या वृद्ध गृहस्थाच्या पांढऱ्या कडेची पुन्हा आठवण होते. ‘आता या म्हाताऱ्या डोळ्यांचा कोणाला काय उपयोग?’ असे अनेक वडीलधारी माणसे म्हणतात. रोपणासाठी लागते ती पारपटलाच्या मधली सात-आठ मिलिमीटरची चकती. कड असते परिघावर. त्यामुळे केवळ कड आहे म्हणून डोळे निरुपयोगी ठरत नाहीत. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंवा मधुमेह यांमुळेही सहसा अडत नाही. अंतिम निर्णय नेत्रपेढीतील तज्ज्ञ तपासणीनंतर घेतात. घरच्यांनी मात्र आपल्या मनाने नकार ठरवून टाकू नये.

वृद्धाच्या डोळ्यातील मेद कडेलाच थांबलेला असतो, तर मळणीवरच्या तरुणाच्या डोळ्यात तो मध्यापर्यंत पोहोचलेला असतो. त्या तरुणाला वेळीच, म्हणजे कुसळ गेल्याच्या दिवशीच, दवाखान्यात नेले असते, तर त्याला दुसऱ्याच्या डोळ्याची गरज बहुधा भासली नसती. तशी गरज पडलीच, तर त्याच गावातील एखाद्या आजोबांचे, पांढऱ्या कडेचे पण मध्यभागी नितळ असलेले डोळे त्याच्या उपयोगी पडू शकतात. पहिली गोष्ट दक्षतेने साधते आणि दुसरी औदार्याने. दोन्हींची सुरुवात आपापल्या घरातूनच व्हावयाची आहे.